केराबाईंच्या न्हाणीतला रातांबा

लातूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवलेलं होतं. चुन्याखालून जुनी अक्षरं डोकावत होतीच. "जिल्हा नवा दिला, पाऊस मातर जुनाच ठिवला," निलंग्याच्या गाडीचा कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला. मी रत्नागिरीचा, वनस्पतिशास्त्राचा मास्तर. नव्या जिल्ह्यातल्या झाडांची यादी करायची हौस, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत इथे आलेलो.

खिडकीतून हिरवं म्हणायला बाभळी, बोरी आणि कडुनिंब. बाकी काळी जमीन भेगाळून पडलेली. झाड कुठे जगेल हे पाऊस, माती आणि हवा ठरवते, असं मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो. इथे ते फळ्यावर लिहायचीही गरज नव्हती.

निलंग्यापुढच्या एका खेड्यात केराबाई राहतात. तीन वर्षांपूर्वी ऊन लागून मी त्यांच्या ओट्यावर टेकलो होतो. त्यांनी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची) पोटभर वाढली. निघताना द्यायला हाताशी काही नव्हतं, म्हणून इकडच्या मित्राला नमुना दाखवायला घरून आणलेलं रातांब्याचं (कोकमाचं) रोप त्यांना दिलं. ते इथे तगणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मोठेपणा मिरवत म्हणालो, "पाणी घाला, कोकणासारखी दमट हवा मिळाली की लालभडक फळं धरतील." पुढे ते रोप मी साफ विसरून गेलो.

"जयभीम सर! झाड बघाया आलाव न्हवं?" केराबाईंनी मला दारातूनच परसात नेलं.

ओल्या गोणपाटांचा आडोसा, आत न्हाणीचा दगड आणि दगडाशेजारी माझा रातांबा. गुडघाभर उंच, पानांच्या कडा करपलेल्या, पण शेंड्याला तांबूस पालवी.

"तुमीच म्हनले दमट हवा पायजे. मंग न्हानीच हितं आनली. समदे हितंच अंग धुत्यात. पोती रोज भिजवतो."

"एवढं पाणी आहे इथं?"

त्यांची सून शांता डोक्यावरची घागर उतरवत होती. ती हसली. "हाय की, अर्ध्या कोसावर. आडात (अरुंद विहिरीत) झरा भरंस्तवर नंबर लावून बसायचं. दोन खेपा घरच्या, एक तुमच्या झाडाची."

तिनं ते सहज म्हटलं. मला मान वर करवेना.

"फळ कवा धरंल, सर?" केराबाईंनी विचारलं.

अजून दोन वर्षं, असं म्हणून सुटता आलं असतं. जीभ रेटेना. "रातांब्यात नर-मादी झाडं वेगळी असतात, केराबाई. निम्मी नरच निघतात. एकट्या झाडाला, तेही या हवेत, फळाची आशा नाही."

"तवा ठावं व्हतं तुमास्नी?"

"होतं."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आडोशाचं एक ओलं पोतं सोडलं, घरात नेलं आणि पिण्याच्या पाण्याच्या रांजणाला गुंडाळलं. सुनेला म्हणाल्या, "उद्यापासनं दोनच खेपा." मग त्याच रांजणातला तांब्या भरून माझ्या हातात दिला. "प्या सर, ऊन लई हाय."

नको म्हणायचं तोंड नव्हतं आणि सांडायची सोय नव्हती, म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

यादी अर्धवट टाकून घरी परतलो. आमच्या परसात रातांब्याखाली फळांचा सडा पडला होता, त्यावर माश्या घोंघावत होत्या. इतकी वर्षं झाली, त्या झाडाला मी कधी तांब्याभर पाणी घातलेलं नाही.