व्याह्यांच्या शर्यतीतले धोंडे

समुद्रात दगड टाकल्यामुळे एका मुलीचा संसार मोडायची वेळ आलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. अगदी जवळून पाहिली आहे. कारण दगड मीच टाकत होतो.

सन तिसाच्या आगेमागे माझी बदली रत्नागिरीच्या कचेरीत झाली. मी मूळचा कऱ्हाडकडचा. कुंभार्ली घाट उतरून खाली आलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक बायको आणि कुस्तीचं वेड एवढाच ऐवज होता. (वेड म्हणजे बघण्याचं. लाल मातीत मी आयुष्यात एकदाच उतरलो, तेही धक्का लागून.) शरीर मात्र देवानं पैलवानाचं दिलं होतं. कचेरीतल्या तीन खुर्च्या मी पहिल्याच वर्षी निकालात काढल्या. चौथ्या खेपेला साहेबांनी मला बाक दिला.

रत्नागिरीत सगळं होतं. मासळी होती, आंबा होता, देवळं होती. फक्त आखाडा नव्हता! निदान मला तरी सापडला नाही. रविवार आला की मला घर खायला उठायचं. मग शेजारच्या टेबलावरचे अनंतराव माझी कीव करायचे. अनंतराव म्हणजे अस्सल रत्नागिरीकर. अंगानं काडी, नाकात तपकीर, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपला अपमान झाला हे घरी गेल्यावर कळावं.

एकदा शिमग्यात ते म्हणाले, "नारायणराव, उद्या आमच्या गावी चला. खेळे यायचे आहेत."

"किती जण आहेत?"

"असतील पंधरावीस."

मी रात्रभर झोपलो नाही. पंधरावीस खेळाडू! म्हणजे निदान सातआठ जोड्या! दुसऱ्या दिवशी दुपारी मी फेटा बांधून अनंतरावांच्या अंगणात अगदी पुढे जाऊन बसलो. मृदंग वाजला. मी म्हटलं, ठीक आहे, आमच्याकडे हलगी असते, इथं मृदंग. मग रंगीत कपडे घातलेले लोक गोल फिरून नाचायला लागले. म्हटलं, अंग मोकळं करत असतील. तेवढ्यात काळा झगा, उंच टोपी, पांढरीशुभ्र दाढी असा एक गडी उड्या मारत मधोमध आला. हाच इथला नामी मल्ल, हे मी ताबडतोब ओळखलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आरं, पट काढ त्याचा! कंबर धर, कंबर!"

मृदंग थांबला. काळ्या झग्यावाला माझ्याकडे बघत राहिला.

मी शेजारच्या म्हाताऱ्याला हळूच विचारलं, "निकाल काय लागला?"

"निकाल?" म्हातारा दचकला. "ओ, शिमग्यात सोंगं घेऊन नाचतात ते देवाचे खेळे हायत हे. तो संकासुर हाय. देवाच्या खेळ्यांचा कसला निकाल?"

परत येताना अनंतरावांनी तीन मैल नुसती तपकीर ओढली. चौथ्या मैलाला म्हणाले, "बाकी फेटा छान बांधलात हो."

तर अशा या उपासमारीत मला हरी तांडेल भेटला. मांडवीच्या किनाऱ्यावर त्याची स्वतःची होडी होती आणि तिचा तांडेल, म्हणजे नाखवा, तोच. कसल्याशा परवान्यासाठी तो कचेरीत खेपा घालायचा. मी त्याचा अर्ज लिहून दिला आणि आमची दोस्ती जमली. पुढच्या माघात एक दिवस तो घरीच आला. पण दारातून आत न येता माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत उभा राहिला. आमच्याकडे बैल घेताना असं बघतात.

"रावसाहेब," तो म्हणाला, "परवा मांडवीला होड्यांची शर्यत हाय. तुमी आमच्या होडीत बसायचं."

"मी? अहो, पण मला होडीतलं काय कळतं?"

"कळायला नको. बसायचं."

एवढा मान मला साताऱ्यातही कुणी दिला नव्हता! मी अनंतरावांना अभिमानानं सांगितलं. त्यांनी तपकीर ओढली.

"परवा वारा जोराचा असेल, नाही?"

"असेल. त्याचं काय?"

"काही नाही. जा जा. तुमच्यासारखा माणूस त्यांना शोधून मिळायचा नाही."

(हा अपमान मला कळायला घरी जाऊन पुरलं नाही. दोन दिवस लागले.)

शर्यतीत सहा होड्या होत्या, पण खरी झुंज दोघांची. एक हरी तांडेल आणि दुसरा नाटे गावचा राघो तांडेल. हे दोघे सख्खे व्याही! हरीची लेक सगुणा राघोच्या घरात दिलेली. महिनाभर माहेरपणाला आलेली पोर शर्यत संपली की सासऱ्याच्याच होडीतून नाट्याला परतणार होती. तिचं बोचकं बांधून तयार होतं. वाळूवर एका चटईवर दोन्ही विहिणी मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, एकमेकींना सोलकढी वाढत होत्या. त्यांच्याशेजारी आमची ही, आणि छत्री उघडून अनंतराव.

सगुणाला कुणीतरी विचारलं, "काय गो, कोण जिंकायला हवा?"

ती पोर शहाणी. म्हणाली, "वारा."

मी होडीत चढलो तशी होडी एका बाजूला वाकली. हरीनं मला बरोब्बर मधोमध बसवलं. तळाशी गोल गोल दगड रचून ठेवलेले होते. हरीचा भाचा धोंडू दोन्ही हातांनी त्यातले काही दगड उचलून वाळूवर ठेवत होता.

"हे कशाला काढतोस रे?"

"तुमी आलाव ना," धोंडू प्रेमानं म्हणाला. "आता वजनाला एवढे नको."

तेव्हा मला अनंतरावांचं बोलणं कळलं. पण आता उतरणार कसा? सगळा किनारा बघत होता!

बंदुकीचा बार झाला. शिडं फुगली. किल्ल्याच्या टोकाजवळ एक पडाव, म्हणजे मोठं मालवाहू गलबत, नांगरून ठेवला होता, त्याला वळसा घालून परत यायचं. हरी मागे सुकाणू धरून, धोंडू पुढे, मध्ये मी आणि दोघे दोरावर. हरीनं एकच गोष्ट बजावली होती. "रावसाहेब, कायपण होऊ दे, हलू नको हां."

पहिली पाच मिनिटं मी देवळातल्या नंदीसारखा बसलो. पण राघोची होडी बाजूला आली, काठाला काठ भिडला, आणि माझ्यातला कऱ्हाडकर जागा झाला!

"हाण! हाण! चीत कर! पाठ लाव!"

दोरावरच्या दोघांचे चेहरे पांढरे पडले. "ओ रावसाहेब, असलं नको बोलू! पाठ लागली तर होडीचीच लागल!"

मी फेट्याचा शेव दातांत धरला. पडावाला वळसा घातला तेव्हा राघो दोन हात पुढे होता. परतीच्या वाटेवर वारा आणखी चढला, लाटा काठावरून आत येऊ लागल्या, गुडघ्याखाली पाणी झालं. पाणी उपसायचं काम धोंडूचं. हरी मागून ओरडला, "धोंड्या, टाक! टाक रे, टाक!"

शिडाचा फडफडाट, लाटांचा आवाज, आणि माझे कान कुंभार्लीच्या वरचे. मला स्वच्छ ऐकू आलं, 'धोंडे टाक!'

मला भरून आलं. अखेर मलाही काम सांगितलं होतं! आणि त्यात अक्कलही होती. ओझं कमी केलं की गाडी पळते, हे काय आम्हाला शिकवायला हवं? मी वाकलो, पहिला धोंडा उचलला आणि दिला समुद्रात भिरकावून. धबाक्!

होडी जरा हलकी झाली. मी दुसरा टाकला. तिसरा टाकला. पुढे धोंडू डब्यानं पाणी टाकत होता, मध्ये मी दगड टाकत होतो, आणि माझ्या पाठीआड हरीला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की होडी सुसाट सुटलीय.

"शाबास, धोंड्या! अजून टाक!"

अशी शाबासकी मिळाल्यावर कोण थांबेल? मी दोन्ही हातांनी टाकायला लागलो. होडी राघोच्या होडीला भिडली, बरोबरीला आली, पुढे निघाली! आणि राघोच्या होडीतून एकदम कालवा उठला.

"दगड मारतात! मेले दगड मारतात!"

"कोण?"

"व्याही!"

राघो सुकाणू सोडून उभा राहिला. "हऱ्या! सोयऱ्याला दगड मारतस?"

"कोण मारतो दगड? शुद्धीवर हायस काय रे?" हरी ओरडला, आणि त्याच क्षणी माझ्या हातून सुटलेला एक मोठा धोंडा दोन्ही होड्यांच्या मधोमध पडला. राघो नखशिखांत भिजला.

किनाऱ्यावर तर बातमी आमच्याआधी पोचली. वाऱ्यावर फक्त 'दगड' आणि 'व्याही' एवढेच शब्द गेले असावेत. चटईवर उजवीकडची विहीण उठली. मग डावीकडची उठली. सोलकढीचं भांडं लवंडलं. आमची ही मध्ये पडली. पण तिची भाषा त्या दोघींना कळेना नि त्यांची हिला, त्यामुळे ती कुणाच्या बाजूनं बोलतेय याचा कुणालाच पत्ता लागेना आणि दोघीही तिच्यावर उखडल्या.

इकडे वाऱ्याचा एक सणसणीत झोत आला. होडी जी कलली ती कलतच गेली. हरीनं पाय खाली रोवायला बघितलं आणि त्याला तळाची फळी दिसली. नुसती फळी!

"दगड कुठं हायत? त्यांच्यावरच होडी सरळ ऱ्हाते!"

"टाकले की सगळे," मी धापा टाकत म्हटलं. "आता एकच राहिलाय. टाकू?"

पुढचं फार थोडक्यात झालं. हरी मला म्हणाला, "वर पडा! वर!" मला वाटलं आता समुद्रात पडायचं, म्हणून मी नकार दिला. दोघांनी मला धरून होडीच्या वर आलेल्या बाजूवर पोत्यासारखं आडवं टाकलं. तेवढ्यात वारा एकाएकी पडला, माझं सगळं वजन उलट्या बाजूला गेलं, आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, कमरेएवढ्या पाण्यात, होडी शांतपणे कुशीवर निजली. राघो आमच्या शेजारून जाऊन शर्यत जिंकला. जिंकल्यावर त्यानं बघितलंसुद्धा नाही मागे. सरळ लेकीसारख्या सुनेपुढे जाऊन उभा राहिला.

"सगुणे, बोचकं सोड. दगड मारणाऱ्याची लेक मला नको. ऱ्हा हितंच."

सगुणा मटकन वाळूवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हरी पाण्यातून निथळत आला. "मी मारला नाय रे दगड! देवाशपथ!" पण राघोला ऐकायचं नव्हतं. सगळी मांडवी गोळा झालेली. आतापर्यंत मला हसू येत होतं, लाज वाटत होती, सगळं होत होतं. पण त्या पोरीचा चेहरा बघितला आणि ते सगळं पळालं. मी पुढे झालो. फेटा सुटून गळ्यात आला होता.

"दगड मी टाकले."

"तुमी?" राघो म्हणाला. "तुमचा माझा काय दावा?"

"दावा नाही हो. मारले नाहीत, टाकले. हरी म्हणाले, धोंडे टाक."

"मी धोंड्याला सांगत होतो!" हरी किंचाळला. "पाणी टाक म्हणून!"

राघोनं मान हलवली. "ह्ये कायतरी बनवून सांगतास. एवढा मोठा माणूस, कचेरीत कामाला, आणि चालत्या होडीतले दगड काढून समुद्रात टाकणार? कोण इश्वास ठेवील?"

गर्दीलाही ते पटलं. कुणी विश्वास ठेवीना. सगुणा माझ्याकडे बघत होती. एवढ्यात छत्री मिटल्याचा आवाज आला आणि अनंतराव पुढे आले.

"राघो, मी यांच्या शेजारी दोन वर्षं काम करतो आहे. तू विश्वास ठेव."

मग त्यांनी तपकीर ओढून, अगदी शांतपणे, संकासुराचा पट काढायची गोष्ट सांगितली. निकाल विचारल्याची सांगितली. तीन खुर्च्यांची सांगितली. आमच्या हिनं मध्ये बोलायचं कारण नव्हतं. पण तीही मागे राहिली नाही. "खरं हाय," ती म्हणाली. "ह्यास्नी ऐकू एक येतं आन् करत्यात दुसरंच. मागल्या म्हैन्यात दळण आणा म्हटलं तर सरपण घिऊन आलं!"

राघो आधी नुसता बघत होता. मग त्याचं पोट हललं. मग खांदे. मग तो वाळूवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हरी हसला, विहिणी हसल्या, सबंध मांडवी हसली. सगुणानं पदरानं डोळे पुसले, बोचकं उचललं आणि सासऱ्याच्या आधी होडीत जाऊन बसली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, नाट्याला या हां. पण चालत या."

पुढच्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी हरी घरी आला. हातात ही एवढी सुरमई! म्हणाला, "रावसाहेब, यंदा तुमी राघोच्या होडीत बसा. सोयरा हाय, त्याचापण मान ऱ्हायला हवा." मला त्याच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक वाटलं. तो गेला आणि अर्ध्या तासात राघो आला. हातात पापलेटांची माळ. "रावसाहेब, यंदापण हरीच्याच होडीत बसा. त्याला सवय झाली हाय तुमची."

हिनं दोघांचेही मासे ठेवून घेतले. मी दोघांनाही शब्द दिला, पण दोन होड्यांत एकदम बसता येईना, म्हणून शर्यतीच्या दिवशी अनंतरावांच्या छत्रीखाली वाळूवर बसलो. दोन नामांकित तांडेल एका खेळाडूसाठी घरी खेटे घालतात, हे भाग्य आमच्या कऱ्हाडात भल्याभल्या पैलवानांना लाभलं नाही. फरक इतकाच, की हे खेटे मी समोरच्याच्या बाजूनं खेळावं म्हणून होते!