चहा घेऊन ट्रकसमोर

सुदामभाऊ खंडारे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एक दहाचाकी ट्रक त्यांच्या अंगावर येत होता आणि ते बशीतून चहा पीत होते. मी किंचाळले. ट्रक त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर फुसकारा टाकून थांबला. सुदामभाऊंनी बशीतला घोट संपवला, बंपरवर टिचकी मारली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जाय आता वरूडले." मग माझ्याकडे वळले. "बाई, असं ओरडत नका जाऊ. ड्रायव्हरचा पाय घसरते."

अमरावतीला बडनेरा रोडच्या बाजूला जिथे ट्रक उभे राहतात, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं ब्रेकचं गॅरेज होतं. इंजिनाला ते हात लावत नसत. "गाडी पयवनं कोनालेबी येते, थांबवनं आपलं काम हाये," असं म्हणायचे. प्रत्येक गाडीचं काम झालं की शेवटची परीक्षा ही अशी: शांताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, शेडच्या मागच्या खोलीतून कपबशी आणून द्यायची, यांनी आवाराच्या टोकाला उभं राहायचं, आणि ड्रायव्हरने गाडी थेट यांच्या अंगावर आणून थांबवायची. नवा ड्रायव्हर घाबरून नाही म्हणाला तर सरळ सांगायचे, "तुहा भरोसा नाई तं घाटात काहून नेऊन राहिला?" यावर काय बोलणार! गाडी आणावीच लागे.

कोणी घाई केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं. "तुले घाई हाये तं तू पुढं जा. गाडी मागून पाठवतो."

आता मी, अकोल्याची शाळामास्तरीण, ट्रकच्या आवारात काय करत होते, ते सांगते. माझा धाकटा भाऊ प्रवीण लग्नाचे व्हिडिओ काढतो. नवरदेवाचे घोडे काढून काढून कंटाळला आणि एक दिवस म्हणाला, ताई, आपण सिनेमा करू. गुन्हेगारीचा. गोष्ट अशी की वरूडहून संत्री नेणारे दोन ट्रान्सपोर्टवाले असतात आणि त्यातला एक जण माणूस लावून दुसऱ्याच्या गाड्यांचे ब्रेक बिघडवतो. नाव 'वरूड लाइन'. संवाद मी लिहायचे, डबे मी करायचे आणि पोलीस इन्स्पेक्टरची आईही मीच व्हायचं. बजेट म्हणाल तर लग्नसराईतून उरलेलं. त्यासाठी गॅरेज शोधत आम्ही तिथे पोचलो होतो.

गॅरेज मिळालं. ट्रकही मिळाला, अचलपूरच्या रफीकभाईचा. हा रफीकभाई सुदामभाऊंचा जुना गिऱ्हाईक, गाडीवर आईसारखा जीव. मिस्त्री म्हणतात म्हणून दिली, नाहीतर तुमच्या कॅमेऱ्यालाही हात लावू दिला नसता, असं त्याने प्रवीणला तोंडावर सांगितलं. अडलं ते भलत्याच ठिकाणी. ब्रेक बिघडवणारा माणूस व्हायला कोणी मिळेना. चार ड्रायव्हर आनंदाने इन्स्पेक्टर झाले असते, एक तर सिनेमात मरायलाही तयार होता. पण दुसऱ्याच्या गाडीखाली वाईट हेतूने पाना घेऊन जायचं म्हटलं की सगळे मान हलवत. या लाइनीत ती सगळ्यात नीच गोष्ट. असं करणाऱ्याला कोणी चहा पाजत नाही, आणि सिनेमात केलं तरी हात तेच ना, असं त्यांचं म्हणणं.

शेवटी प्रवीणने अकोल्याहून नाटकातला एक नट आणला. तो पाना असा धरायचा जणू आरतीचं निरांजन. गाडीखाली गेला आणि शर्ट अडकून तिथेच राहिला. सुदामभाऊ स्टुलावरून पाहत होते, त्यांना राहवेना. "असा चोर तं सकाळपावतो गाडीखालीच झोपन," म्हणाले, त्याला पाय धरून ओढून काढला आणि स्वतः सरपटत आत गेले. इकडेतिकडे पाहिलं, ब्रेकच्या हवेच्या पाइपला पाना लावला, बाहेर येऊन हात पुसले आणि हसले. ते हसणं पाहून माझ्या अंगावर काटा आला. प्रवीणने कॅमेरा बंदच केला नव्हता. म्हणाला, ताई, माणूस मिळाला.

सुदामभाऊंनी साफ नकार दिला. तीस वर्षांचं नाव आहे, असल्या धंद्यासाठी नाही, म्हणाले. तेव्हा शांताबाई मध्ये पडल्या. "घरी रोज माह्यासंग नाटक करता, एकदा लोकायसमोर करा ना बाप्पा!" सगळे हसले, तेही हसले, आणि तयार झाले. पण एक अट घातली. "खोट मी करीन. पन शॉट झाला का दुरुस्त करीन अन् समोर उभा राईन. खोट केलेली गाडी मी घडीभरबी तशी ठेवत नाई."

प्रवीण हो म्हणाला. त्या हो म्हणण्याची किंमत त्याला नंतर कळली. एक टेक झाला की हे पाइप नीट बसवायचे, ब्रेक तपासायचे, शांताबाईंना चहाची हाक मारायचे आणि ट्रकसमोर उभे राहायचे. मग पुढचा टेक. प्रवीण रडकुंडीला आला. भाऊ, गाडी कुठे जायची नाही, उद्या एकदाच दुरुस्त करा, म्हणून हात जोडले. सुदामभाऊ आपले बशीत फुंकर घालत उभे. ऊन उतरलं तरी आमचं दृश्य संपलं नाही, मात्र दरवेळी सोबत चहा पिऊन आख्ख्या युनिटला पित्त झालं. रफीकभाई तेवढा खूश होता. त्याच्या गाडीचे ब्रेक आयुष्यात इतक्यांदा कोणी पाहिले नव्हते.

सिनेमा झाला. आम्ही तो मोबाइलवर बघता येईल असा टाकला आणि त्याआधी जाहिरात म्हणून एक छोटा तुकडा टाकला. त्यात सुदामभाऊ गाडीखाली जातात, पाना लावतात, बाहेर येऊन हसतात. सिनेमा कोणी फारसा पाहिला नाही. पण तो तुकडा कोण्या दीडशहाण्याने उचलला, सिनेमाचं नाव कापलं आणि वर लिहिलं, 'सावधान! अमरावतीचा ब्रेक कापणारा मिस्त्री. कॅमेऱ्यात सापडला.' झालं! अकोला, वरूड, अचलपूर, जिथे म्हणून ट्रक जातो तिथल्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर तो पोचला. आमच्या शाळेच्या शिपायानेही मला पाठवला, खाली काळजीपोटी लिहून, की मॅडम, अमरावतीला जाता, जपून.

आधी सुदामभाऊंना गंमत वाटली. एक हवालदार चौकशीला आला, खरं काय ते ऐकून त्यांच्यासोबत फोटो काढून गेला. "बाई, मी तं फेमस झालो," असा फोन आला मला. मग त्यांचे फोन येणं बंद झालं. प्रवीण गेला तर शेड रिकामी. नेहमीच्या गाड्या समोरून जाऊन पुढच्या गॅरेजला लागत होत्या आणि ओळखीचे ड्रायव्हर मान दुसरीकडे करत होते. प्रवीणने घाईघाईने आणखी एक व्हिडिओ टाकला, हा सिनेमा आहे, हे कलाकार आहेत. त्याखाली लोकांनी लिहिलं, पकडला गेला की चोर असंच म्हणतो. आता या लोकांना काय म्हणावं! मी वर्गात चाळीस पोरं सांभाळते, पण मोबाइल हातात असलेल्या मोठ्या माणसाला समजावणं माझ्या बापालाही जमलं नसतं.

एका रविवारी आम्ही दोघं अमरावतीला गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. सुदामभाऊ स्टुलावर बसले होते. शांताबाईंनी मला आत नेलं आणि हळूच म्हणाल्या, "ह्यायचे हात पाहा बाई. पांढरे पडले. तीस वर्सं मी ते तेलानं काये झालेले हात घासून घासून थकली, आता मले पाह्यवत नाई." मी बाहेर येऊन पाहिलं. नखं स्वच्छ होती. मला फार वाईट वाटलं, रडू आलं, आणि मी चष्मा पुसायच्या निमित्ताने वळले.

शेड बंद करतो, असं ते प्रवीणला शांतपणे सांगत होते. तक्रार नव्हती. लोकांचं काही चुकत नाही, म्हणत होते. "ब्रेकवाल्याचा भरोसा गेला का त्याच्यापाशी उरते काय? पाना?"

तेवढ्यात आवारात ट्रक वळला. रफीकभाईचा. हा गडी तो तुकडा फिरत होता तेव्हा लांब दक्षिणेत माल घेऊन गेला होता. व्हिडिओत त्याचीच गाडी, नंबरासकट, म्हणून वाटेत प्रत्येक ढाब्यावर त्याला लोकांनी विचारलं होतं, की तू अजून जिवंत कसा. वैतागून आला होता. चहाची वेळ होती, समोरच्या टपरीवर पंधरा-वीस ड्रायव्हर होते. त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. गाडी शेडसमोर लावली आणि म्हणाला, "मिस्त्री, ब्रेक देख लो."

सुदामभाऊ पाना घेऊन गाडीखाली गेले. बराच वेळ खाली होते. बाहेर आले तेव्हा हात काळे होते. सवयीने शांताबाईंना हाक मारली, कपबशी आली, ते आवाराच्या टोकाकडे निघाले. रफीकभाईने वाटेतच त्यांच्या हातातली कपबशी काढून घेतली. "आज तुम बैठो गाडी में. सामने मैं खडा रहूंगा."

सुदामभाऊ नाही नाही म्हणत होते, आणि मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. अंगावर येणाऱ्या ट्रकसमोर चहा पिणारा हा माणूस, ट्रकच्या पायरीवर ठेवलेला पाय त्याने दोनदा खाली घेतला. रफीकभाई तोवर टोकाला जाऊन उभा राहिला होता, टपरीकडे पाठ करून, बशीत चहा ओतत. ड्रायव्हर एकेक करून उठून आवाराच्या कडेला आले. शांताबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला.

ट्रक निघाला. थोडा वेग घेतला. आणि थांबला. पण कुठे? अर्ध्या वाटेतच! रफीकभाईपासून तो इतका लांब होता की मध्ये आणखी दोन ट्रक आडवे लागले असते. क्षणभर कोणाला काही कळेना, मग ड्रायव्हरांतला एक जण ओरडला, "एवढ्या दुरून तं सायकलबी थांबते, भाऊ!" आणि आख्खं आवार हसायला लागलं.

सुदामभाऊंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हसत नव्हते. "माह्या छातीचं मी पाहून घेईन," ते म्हणाले. "तुह्या छातीवर ट्रायल नाई घेत मी, रफीक."

हसणं विरलं. रफीकभाई बशी सांभाळत ते सगळं अंतर सावकाश चालत आला, चालू इंजिनाच्या ट्रकला छाती टेकवून उभा राहिला आणि उरलेला चहा तिथे प्यायला. वर सुदामभाऊ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरला होता, हे नंतर त्यांनीच मला सांगितलं.

ते कोणीतरी मोबाइलवर काढलं. त्या खोट्या तुकड्यासारखं ते काही गावोगाव फिरलं नाही, पण त्याची गरज उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडसमोर तीन गाड्या होत्या. मान फिरवणाऱ्यांतलाच एक जण पहिला होता. सुदामभाऊंनी त्याला टोचून एक शब्द म्हटला नाही. त्याने घाई केली तेव्हा मात्र म्हणाले, "तू पुढं जा, गाडी मागून पाठवतो."

मागच्या वर्षी खांदा दुखायला लागला म्हणून त्यांनी गॅरेज सोडलं आणि दोघं अकोल्याला लेकीकडे राहायला आले, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. प्रवीण अजून दुसऱ्या सिनेमाच्या गोष्टी करतो. सुदामभाऊ त्याला विचारतात, आता कोन्या माणसाचं नाव बुडवतो, आणि मोठ्याने हसतात.

सकाळी शाळेला निघाले की ते पुष्कळदा फाटकाशी असतात. मी स्कूटर सुरू केली की कपबशी घेऊन रस्त्यावर समोर येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "आन बाई." शेजारच्या बायका पाहत असतात. मी स्कूटर आणते आणि फार दुरूनच ब्रेक दाबते. ते दरवेळी चिडतात, एवढ्या दुरून काय कयते म्हणतात, आणखी जवळ आन म्हणतात. मी नाही आणत.