बाबांचा आवाज

आज शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं बाबा आठवले. त्यांची कापडमिल बंद झाली, त्या वर्षी राजेंद्र नगरच्या मंडळात विनोदी नाटकाच्या पात्रनिवडीला ते उभे राहिले. पहिलंच वाक्य इतक्या मोठ्यानं म्हणाले, की सगळा हॉल हसला. मीही हसले.

"काकाजी, जरा धीरे," दिग्दर्शक म्हणाले.

"वीस वर्षं मागावर काढली, भिया. तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जात नव्हतं."

मग कुणी हसलं नाही. बाबांना नाटकात काम मिळालं. पण त्या दिवसापासून ते घरीसुद्धा इतकं हळू बोलायचे, की आई सारखी विचारायची, "अहो, काय म्हणालात?"

मी कधी विचारलं नाही. मला हसताना त्यांनी पाहिलं होतं.