दिसू तं दे

"थांब व, दिसू तं दे," असं म्हणून ताई चष्मा काढायच्या आणि पदराच्या टोकाने पुसायला लागायच्या. सावकाश. आधी एक काच, मग दुसरी. टेबलावर बाई कळांनी ओरडत असायची, बाहेर नातेवाईक दार बडवत असायचे, आणि आमच्या मोठ्या सिस्टरचं आपलं हे चाललेलं असायचं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत, मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. इतकी भित्री बाई तुम्ही पाहिली नसेल. भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढायच्या. रस्ता ओलांडताना माझं मनगट घट्ट धरायच्या. धीट माणसं मी पुष्कळ पाहिली, तुम्हीही पाहिली असतील. रक्त वाहायला लागलं की त्यांचा आवाज चढतो आणि हात थांबतात.

एकदा हिंगणीची एक सासू भडकली. "पोरगी मरून राह्यली, अन् हे बाई काचा पुसून राह्यली!"

"आंधळ्यावानी धरू काय तुह्या नातवाले? दिसू तं दे!" ताईंनी चष्मा चढवला, ग्लोव्ह्ज घातले. थोड्या वेळात नातू झाला. तीच सासू पुढे टोपलीभर सीताफळं घेऊन आली आणि ताईंशीच गप्पा मारत बसली.

एक दिवस मी चष्मा जवळून पाहिला. लख्ख होता.

"ताई, चष्मा तं साफच हाये. काऊन पुसता?"

"हात कापतेत माहे," त्या म्हणाल्या. "पदरात धरले का थांबतेत. सांगजो नको कोणाले."

सगळं निपटलं की त्या मागच्या मोरीवर जाऊन ओकायच्या. चूळ भरून परत यायच्या आणि विचारायच्या, "चाय मांडली का व कोणी?"

मग त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्मा सुटला. आम्ही पेढे मागितले, त्यांनी आणलेही.

त्या कामावर परतल्या त्याच दिवशी, उन्हाळ्यातल्या दुपारी, एक कोवळी पोरगी बाळंत झाली. बाळ रडलं, पण थोड्या वेळाने तिला जे रक्त जायला लागलं ते थांबेना. डॉक्टरांना फोन केला, ते निघाले होते. मी सलाईन सुरू केलं आणि ताईंना हाक मारली. त्या धावत आल्या. हात नाकाकडे गेला. नाकावर काहीच नव्हतं.

हात तिथेच राहिला. पोरगी पांढरी पडत चालली होती, आणि ताईंचे दोन्ही हात थरथरत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला फार भीती वाटली. काही सुचेना, म्हणून मी माझाच चष्मा काढून त्यांना दिला.

त्यांनी तो पुसला. आधी एक काच, मग दुसरी. माझ्यासमोर नुसतं धुकं. मग चष्मा माझ्या नाकावर बसवून, ग्लोव्ह्ज चढवत त्या म्हणाल्या, "चाल व. पोट दाबून धर." रक्त थांबेपर्यंत ते हात एकदाही अडखळले नाहीत. पोरगी वाचली. ताई मोरीवर गेल्या, मी चहा ठेवला.

त्या दिवसापासून माझा चष्मा आम्हा दोघींचा झाला.

रिटायर होऊन त्या आष्टीला मुलाकडे गेल्या. फोन करायच्या. "हात कापतेत का व तुहे?"

"कापतेत, ताई."

"कापू दे. पुसत जा."

आता ती खोली माझ्याकडे आहे. नव्या ड्रेसला पदर नाही, मी रुमालाने पुसते. नव्या पोरी चिडतात. समजावून सांगायचं अंगात त्राण नसतं. चहा झाला की बाकावर बसते ती उठवत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात ताई गेल्या. मी आष्टीला पोचले तेव्हा त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं. माणसं घाई करत होती. "पाहून घ्या बाई," सून म्हणाली, "उचलूनच राह्यले आता."

"थांब व," मी म्हणाले, "दिसू तं दे."

त्या दिवशी मी साडी नेसले होते. पदराने चष्मा पुसला, घातला. दिसेना. पुन्हा पुसला.