उखर्डू नावामागची दोन बाळं

रुपचंदनं अमळनेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये उभं आयुष्य काढलं, पण ओळख सांगताना तो म्हणे, मी सुकदेव नानांचा वाचक. नाना धुळ्याचे, मुलांच्या एका मासिकात चित्रकथा लिहीत. "चित्रं दुसऱ्याची, पण कुठल्या चौकटीत कोणी बोलायचं नाही, ते नाना ठरवतात," हे तो समोरच्याला कळो न कळो सांगे.

नानांचा नायक उखर्डू. आधीची मुलं जगली नाहीत की नवं बाळ उकिरड्यावर ठेवून उचलायचं आणि हे नाव द्यायचं. टाकून दिलेलं पोर मरण नेत नाही. कथेत यम दारात येतो, नाव विचारतो, आई सांगते. पुढच्या चौकटीत फक्त परत निघालेल्या रेड्याची पाठ. त्या पाठीवरून रुपचंदची नजर हटेना. पहिला मुलगा झाला, त्याचं नाव त्यानं उखर्डू ठेवलं.

"मना पहिलाच पोऱ्या शे," बायको कुंदाबाई म्हणाली. "लोके काय समजतीन?"

त्यानं ऐकलं नाही. उलट धुळ्याला जाऊन नानांना सांगितलं. नाना आधी हसले. "ते नाव मी यमले चकवाले दिधं रे. तू पोऱ्याले दिधं?" रुपचंदला ती शाबासकी वाटली.

मुलगा आता वरणगावच्या कारखान्यात आहे. यंदा शिंदखेड्याहून गिरधर आबा आणि त्यांची बहीण प्रमिलाबाई पुतणीसाठी स्थळ पाहायला आले, तेव्हा तो रजेवर घरी होता. चहा झाल्यावर आबांनी आवाज खाली आणला. "याना पहिले कितला गयात, बहीन?"

"दोन," कुंदाबाई म्हणाली. अडखळली नाही. "एक पोर व्हती. तिले दात येल व्हतात."

प्रमिलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

रुपचंद दारात थांबला. नवऱ्याला कोणी हसू नये म्हणून ही इतकी वर्षं असंच सांगत आली, अगदी दातांसकट, हे त्याला आज कळलं. ते सोसवलं नाही, म्हणून तो बोलून गेला, "कोन्हीच नही गयं, आबा. नाव मी चित्रना पुस्तकमाईन लिधं."

"पुस्तकमाईन?" आबा हसले. "बरं व्हयनं, रावण नही सापडना तुमले."

मुलगाही हसला. आबांना तर हायसंच वाटलं. घरात खोट नाही म्हणजे बोलणी पुढे न्यायला हरकत नव्हती. प्रमिलाबाईंनी मात्र हात काढून घेतला. कुंदाबाई कप उचलून आत गेली.

तो मागोमाग गेला.

"खोटी ठरनू मी," ती मोरीकडे तोंड करून म्हणाली. "लगीनमा त्या बाईसमोर कशी हुभी ऱ्हाऊ?"

"मी सांगस त्यासले. चूक मनी शे."

"आते काहीच नका सांगू तुम्ही."

पाहुणे निघाले. कुंदाबाई बाहेर आली नाही. फाटकाशी प्रमिलाबाईंनी मागे वळून पाहिलं.

"तिनं डोकं दुखी ऱ्हायनं," रुपचंद म्हणाला.

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, आणि काही न विचारता गाडीत बसल्या.