औराद रस्त्यावरचा ठिपका

माझी पोरगी विमानात असते, असं अप्पा गावात सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, मी प्रवाशांना चहा-पाणी देते. अप्पांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. एकदा मी रागावून विचारलं, "कामून सांगत न्हाई तुम्ही नीट?" तर म्हणाले, "रडार म्हंजी काय ते मलाच नीट सांगता येत न्हाई बाई. ते चहाचं लोकांला पटतं."

मी बेंगळुरूला एका सरकारी प्रयोगशाळेत रडारवर काम करते. आमचं गाव जनवाडा, बिदरहून औरादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. अप्पा आणि अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ज्वारी-तूर-हरभऱ्याची शेती करतात. अण्णा शेतीच्या जोडीला एक जुनी जीपही चालवतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला एक वेगळंच काम आलं. वैमानिक तयार करणाऱ्या जेट विमानांसाठी रडार निवडायचं होतं. अशा शिकाऊ विमानात बहुधा खरं रडार नसतंच. संगणक पडद्यावर खोटी विमानं दाखवतो आणि पोरं त्यांच्यावर शिकतात. आता काही विमानांच्या नाकात खरं रडार बसवायचं ठरत होतं. आम्ही समितीत पाच जण होतो. शेवटी दोन कंपन्यांची दोन रडारं उरली. पहिलं फार लांबचं बघायचं. दुसरं थोडं जवळचं, दिसायलाही साधं. खरं सांगते, माझं मत पहिल्याला होतं. कागदावर त्याचे आकडे बघितले की कुणालाही भुरळ पडावी.

चाचण्या बिदरच्या आकाशात घ्यायचं ठरलं, कारण शिकवणारे अनुभवी प्रशिक्षक तिथल्या हवाई दलाच्या तळावर होते. रडार एका चाचणीच्या विमानात बसवलं होतं. मागं केबिनमध्ये पडदा, आणि पडद्यासमोर आम्ही. राहायची सोय बिदरला लागूनच नौबादला केलेली होती, पण माय फोनवर म्हणाली, "घर बारा किलोमीटरवर असताना लॉजात ऱ्हातीस व्हय?" मग काय, मी रोज अण्णाच्या जीपमधून तळावर कामाला जायला लागले. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. समितीतले बाकीचे सभासद जेवणाच्या सुट्टीत माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसायचे.

पहिल्या रडारची पाळी आली त्या दिवशी आकाश अगदी स्वच्छ होतं. समोर लांब एक विमान उडत होतं, ते पडद्यावर झकास दिसलं. पण त्याच्या खालच्या अंगाला आणखी पाच-सहा ठिपके दिसायला लागले. एकामागं एक, शिस्तीत सरकणारे.

आमच्या समितीचे प्रमुख जुने प्रशिक्षक होते. शेकडो पोरांना उडायला शिकवलेले, कमी बोलणारे. त्यांनी हिंदीत विचारलं, "हे काय आहे?"

कंपनीचा इंजिनिअर माझ्याच वयाचा होता. तो म्हणाला, "गोंधळ आहे सर, यंत्रातला. नवी प्रणाली टाकली की जाईल."

प्रमुखांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मात्र पडद्याकडे बघतच राहिले. ठिपके सरळ जात होते, मग एका जागी सगळेच डावीकडे वळत होते, पुन्हा सरळ. यंत्रातला गोंधळ असा रांगेत वळतो का? आणि ते वळण मला ओळखीचं वाटत होतं. मी शेजारचा नकाशा ओढला, विमान कुठं आहे ते बघितलं, आणि माझ्या तोंडातून मराठीच बाहेर पडलं, "अगं माय! ह्या तर जीपा हायत!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी हिंदीत सांगितलं, "सर, हा औरादचा रस्ता आहे. जनवाड्याच्या पुढं मांजरा नदीच्या पुलाकडे उतरताना असंच वळण आहे. या रस्त्यावरच्या गाड्या आहेत."

रडार हलत्या वस्तूला वेगावरून ओळखतं. ठरावीक वेगापेक्षा हळू काही असलं तर जमिनीवरचं समजून ते पुसून टाकतं. ती मर्यादा खाली ठेवलेली असली की जोरात धावणारी गाडीही विमान म्हणून पडद्यावर येते.

इंजिनिअर हसला. "मॅडम, मर्यादा एवढीही खाली नाही. खेड्यातल्या रस्त्यावर ताशी नव्वदनं कोण गाडी चालवतं?"

मी म्हटलं, "तुम्ही आमच्या औरादच्या जीपमध्ये बसलेला दिसत नाही."

प्रमुख पहिल्यांदा हसले. पण लगेच म्हणाले, "पटवून द्या. रस्त्यावर एक गाडी आपली असली पाहिजे, जिचं जाणं-थांबणं आपल्याला माहीत असेल."

त्यांच्याच परवानगीनं मी अण्णाला कामाला लावलं. सकाळी दहाला गावाच्या कडेवरून निघायचं, रस्ता मोकळा असेल तेव्हाच नेहमीचा वेग धरायचा, चार मिनिटांनी कडेला दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा निघायचं. थांबलेली गाडी रडारला दिसत नाही, म्हणून ठिपका कधी पुसला जातो त्यावरून आपली गाडी ओळखता येणार होती. वेळा कागदावर लिहायच्या.

"कायला?" अण्णानं विचारलं.

"ते विचारू नकोस. आणि कुणाला सांगूही नकोस."

हे बोलणं अप्पांच्या कानावर गेलं. "मी जायलाव संगं," ते अण्णाला म्हणाले. "तू गाडी हाकशील का वेळ लिहिशील? घड्याळ मी बघतो." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातलं इस्त्रीचं धोतर काढलं, लग्नातला फेटा बांधला. माय म्हणाली, "वरनं फेटा दिसत न्हाई म्हनं." अप्पा म्हणाले, "असू दे. आपल्याला तर ठाऊक ऱ्हातंय."

दहाला आम्ही वर होतो. पडद्यावर गावाच्या कडेला एक ठिपका उगवला. माझं सगळं लक्ष त्याच्यावर. चार मिनिटं झाली आणि ठिपका गेला. दोन मिनिटांनी त्याच जागी परत आला. प्रमुखांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मला तर केबिनमध्ये उठून नाचावंसं वाटत होतं. आत्ता, या क्षणी, खाली फेटा बांधून अप्पा घड्याळाकडे डोळे लावून बसले असतील.

आणि मग, ठरलेलं नसताना, ठिपका पुन्हा नाहीसा झाला.

एक मिनिट. दोन मिनिटं. इंजिनिअर हळूच म्हणाला, "मी म्हणालो होतो, गोंधळ आहे." मी ठिपका गेल्याची वेळ वहीत लिहिली. गाडी बंद पडली की काय? अप्पांना काही झालं? तिसऱ्या मिनिटानंतर ठिपका परत आला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुलाकडे निघाला.

खाली उतरल्या उतरल्या मी फोन लावला. प्रमुखांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा करायला सांगितला.

"अण्णा, मधीच कामून थांबलास?"

"म्या कुठं थांबलो? अप्पानं थांबवलं." मग अप्पांचा आवाज आला, "अगं, फाट्यावर तुझी आत्या हुभी हुती. हातात दोन पिशव्या. उन्हात बाई हुभी हाय अन् आपण तसंच फुर्र करून जायचं? मानसात चालतंय का ते? घेतलं तिला गाडीत."

"वेळ लिहिली का अप्पा?"

"लिहिली की. दहा वाजून अकराला थांबलो. चौदाला निघालो. तिच्या पिशव्याच लवकर चढंनात."

मी हे हिंदीत सांगितलं. प्रमुखांनी आमची नोंद काढली. ठिपका गेला दहा अकराला, आला दहा चौदाला. ते इतके हसले की रुमालानं डोळे पुसायला लागले. मग म्हणाले, "नुसतं ठरवून थांबणं जुळलं असतं तर कुणी म्हणालं असतं, तुम्हाला जे हवं तेच दिसलं. हे थांबणं कुणालाच माहीत नव्हतं. यापेक्षा चांगला पुरावा नाही."

इंजिनिअरनंही मोकळ्या मनानं चूक कबूल केली. संध्याकाळी तो स्वतःहून औरादच्या जीपमध्ये बसून आला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "मॅडम, नव्वदच्याही वर. मी पूर्ण वेळ दांडा धरून होतो."

वेगाची मर्यादा दोन्ही रडारांत बदलता येत होती. फरक एवढाच की पहिल्यात ती कारखान्यातून बदलायची, आणि दुसऱ्यात मागच्या सीटवरच्या प्रशिक्षकाला उडता उडता बदलता यायची. दुसऱ्याच्या चाचणीत आम्ही ती खाली-वर करून बघितली. एका बटणावर औरादचा रस्ता पडद्यावर यायचा, दुसऱ्या बटणावर जायचा.

शेवटच्या बैठकीत प्रमुख म्हणाले, "पोरानं जीपला विमान समजावं. एकदा तरी समजावंच. पण मी मागं बसलेलो असताना. पुढं तो एकटा असेल तेव्हा नाही."

लांबचं बघणारं रडार मला आवडलं होतं, पण आम्हाला हवं होतं शिकवणारं. मी माझं मत बदललं, आणि तसं अहवालात लिहिलं. पाचही जणांनी दुसऱ्या रडारच्या बाजूनं सही केली. पुढं वरच्यांनी आमची शिफारस मान्य केल्याचं कळलं, तेव्हा मी बेंगळुरूच्या कँटीनमध्ये सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी गावी असताना प्रमुख जनवाड्याला आले, अप्पांना भेटायला म्हणून. शेतात हुरडा भाजला होता. अप्पांनी फेटा बांधला होताच. मुद्दाम आत्याही आली होती. ती बराच वेळ पाहुण्यांना न्याहाळत होती. शेवटी तिनं मला विचारलं, "यांला इचार, मी दिसले का वरनं?"

मी विचारलं. प्रमुख अगदी गंभीरपणे म्हणाले, "आजी, जे थांबलेलं असतं ते आम्हाला दिसत नाही. जोरात पळणारंच दिसतं."

आत्यानं हुरड्याचं ताट त्यांच्यापुढं आणखी सरकवलं. "मग बरं हाय," ती म्हणाली, "मी काय आता तेवढी पळत न्हाई. घ्या, खावा."

प्रमुखांना मराठी कळत नव्हती, पण 'खावा' कळलं. ते मांडी घालून नीट बसले आणि त्यांनी दह्याची वाटी मागितली.