चौदा पॉइंट चारच्या वर नाही

बॅटरीच्या दुकानात धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. धूळ निदान सकाळी फडक्याने पुसता येते. किस्से मात्र रूमवर न्यावे लागतात आणि एक सांगावा तर तोंडाशी आणखी दोन येतात!

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं आणि घनसावंगीत बबनशेठच्या दुकानात लिथियम बॅटऱ्या बसवायच्या कामाला लागले. दिवाळीपर्यंत ट्रायल. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर वडील, म्हणजे अप्पा, टेंभुर्णीहून येऊन मला घरी नेणार. तिथे एक स्थळ तयारच बसलेलं!

अडचण एकच. मी दचकते. पहिल्याच दिवशी एक इन्व्हर्टर 'पीं' करून ओरडला आणि मी घाबरून त्यालाच "सॉरी!" म्हणाले.

शेठ म्हणाले, "पोरी, सॉरी गिऱ्हाइकाला म्हनायचं. मशीनला गरज न्हाई."

*

एक रिटायर गुरुजी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेऊनच दुकानात आले. चेहरा लाल.

"ब्याटरी दिली, पन पानी टाकायची झाकनंच न्हाईत! सगळीकडून पाह्यलं. उलटी करून बी पाह्यली!"

"गुरुजी, उलटी?" मी खुर्चीवरून उठलेच. "लिथियमला पाणी लागत नाही."

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यातही नाही."

"बिलकुलच न्हाई?"

"बिलकुलच नाही."

गुरुजींनी कॅन खाली ठेवला आणि शेठकडे वळून म्हणाले, "मंग एवढे दिवस काय करत होते हे कंपनीवाले? आपल्या दुष्काळी जालना जिल्ह्यासाठी हीच काढायची होती ना आधी!"

*

चार्जर बॅटरीप्रमाणे सेट करावा लागतो. आमच्या बारा व्होल्टच्या लिथियमला चौदा पॉइंट चार, त्याच्या वर नाही. जुन्या पाण्याच्या बॅटरीला काही चार्जर मधूनच पंधराच्या पुढे नेतात, तेवढं हिला सोसत नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा सांगते. अंकुशनगरच्या एका हॉटेलवाल्याला तीनदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन. "मॅडम, ब्याटरी रुसली. चार्जच घेऊन न्हाई राह्यली."

"सेटिंग बदललं का?"

"न्हाई न्हाई. जरासं वाढवलं. म्हनलं जल्दी भरंल."

मी समजावलं, की बॅटरीत बीएमएस नावाचं एक सर्किट असतं. व्होल्टेज जास्त झालं की ते स्वतःच चार्जिंग तोडतं. सेटिंग खाली आणा, बॅटरी पुन्हा चार्ज घेईल.

तो हळूच म्हणाला, "पोट भरलं की आपोआप बंद? मॅडम, हे मानसाला बसवता येतं का? आमचे साडू आलेत कालपासून."

*

हा किस्सा छोटा. फोनवर एक काकू.

"ताई, नवी ब्याटरी चार्ज होऊन न्हाई राह्यली."

"कशावरून काकू?"

"मांजर बसून न्हाई राह्यली तिच्यावर. जुनी कशी, चार्ज व्हायला लागली की गरम व्हायची."

मी सांगितलं, की नवी फार तापत नाही, हे तर चांगलंच आहे.

"तुमच्यासाठी चांगलं. मांजरीला कोन सांगन?"

*

शेठ म्हणायचे, तू लोकांना स्टेज-बिज सांगू नको, गिऱ्हाईक पळतं. पण मला एक उदाहरण सुचलं. एका शेतकरी दादांना सांगितलं, "चार्जिंग म्हणजे जीप भरणं. पहिल्या स्टेजला माणसं भराभर चढतात. तेव्हा करंट एकसारखा. मग व्होल्टेज चौदा पॉइंट चारला पोचलं की तिथेच धरायचं. आता एकेक जण सरकून सरकून बसतो, करंट कमी होत जातो. जीप भरली की बास!"

"आन् मागं लटकनारे?"

"जुन्या बॅटरीला भरल्यावरही थोडं थोडं देत राहावं लागतं. लिथियमला लटकणारे नकोत."

दादांनी मान हलवली. "मंग ही जीप घनसावंगीची न्हाई, मॅडम."

*

दिवाळी तोंडावर आली. शेठ म्हणाले, "विहारातल्या अभ्यासिकेचं काम तू एकटी कर. पोरं भरतीचा अभ्यास करतात तिथं. बराबर झालं तर राह्यली, न्हाई तर मी अप्पांना फोन लावतो."

विहाराच्या कमिटीवर रिटायर लाइनमन पगारे काका. मी वायर जोडल्या, सेटिंग तीनदा तपासलं, मेन स्विच बंद केला. बॅटरीवर सगळे बल्ब लागले! पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पगारे काका म्हणाले, "थांब बाई. आमच्या काळात ब्याटरी अशी तपासत होतो." आणि मी "काका, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी लोखंडी पाना दोन्ही टर्मिनलवर टेकवला.

फाट्! ठिणगी! अंधार! मी किंचाळून थेट बाकड्यावर!

बॅटरीला मीटर लावला, तर शून्य. कुणीतरी म्हणालं, "गेली ब्याटरी." दुसरं म्हणालं, "मॅडम बी गेल्या वाटतं."

अप्पांची मोटारसायकल मला ऐकूच यायला लागली. पण शून्य बघितलं आणि आठवलं, हे बीएमएसच! शॉर्ट झालं म्हणून त्याने दार लावून घेतलंय, चार्जिंग मिळालं की उघडेल. बाकड्यावरून उतरले. बल्बांचा सगळा लोड काढला, मेन चालू केला आणि पिशवीतला छोटा चार्जर बॅटरीला लावला. मीटरवर आकडा आला. लोड जोडला, मेन पुन्हा पाडला. सगळे बल्ब लख्ख!

पगारे काकांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोरच शेठला फोन लावला.

"हां शेठ, जय भीम. दोघींची बी टेस्ट घेतली. ठिणगी पडली की दोघी बंद पडतात, मंग पुन्हा चालू बी होतात. ब्याटरी बराबर हाय, पोरगी बी बराबर हाय. आमचा पाना तेवढा बदलून द्या, त्याचं तोंड जळालं!"